पान पुसलं आणि आडनाव गेलं

आधी चहा संपवा, मग सांगते. घोट घेता घेता ऐकलंत तर ठसका लागेल, आणि त्याचंही खापर माझ्यावरच फुटेल.

लग्न होऊन वसईला आले तेव्हा सासरी माणसं मोजकी आणि किडे अमाप. आमचे हे मुंबईच्या कॉलेजात कीटकशास्त्र शिकवत आणि सुट्टीत आमच्याच वाडीत केळीची वाळकी पानं झटकत हिंडत. त्यातून पडत ते फुलकिडे. नाव फुलकिडे, राहायचे मेलेल्या पानावर, खायचे बुरशीचे बीजकण. माणसांतही असतात असे. पण ते बुरशी खाऊन जगतात, हे मला फार उशिरा कळलं.

एकदा हे आठवडाभर परीक्षेच्या कामाला मुंबईत राहिले. जाताना नव्यानं आणलेल्या, अजून न तपासलेल्या किड्यांची बरणी माझ्या हाती दिली. "अगं, जपायचं हं यांना. पानावरच खातात ते."

आता पानावर जेवणाऱ्याला पान कसं द्यावं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? बरणीत बघते तर पानावर काळी बुरशी. माहेरी असलं पान गाईपुढेही टाकलं नसतं. मी रोज ओल्या फडक्यानं पान लख्ख पुसलं, वाळवलं, परत ठेवलं. वर गुळाचा खडाही ठेवला. कुणी शिवलं नाही. म्हटलं, लाजत असतील. मीही तेव्हा नवीनच होते.

हे परतले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले ते उठेचनात.

"आपल्या वाडीतल्या किड्यांची पोटं बीजकणांनी काळी असतात. यांची सपाट, आरपार दिसणारी. हे बीजकण खाणारे नव्हेतच. नवी प्रजाती आहे ही."

"प्रजाती म्हणजे काय रे?" सासूबाईंनी विचारलं.

"आडनाव समज, आई. नवं आडनाव. आणि ते मी हिच्या नावावरून ठेवणार."

माझं स्वतःचं आडनाव नुकतंच बदललेलं, आणि आता मी किड्यांना आडनाव देणार होते. पोटं सपाट झाली हा स्वच्छतेचाच गुण, असंही मनात येऊन गेलं.

सासूबाईंनी बातमी शेजारच्या पापडी गावच्या बाजारापर्यंत पोचवली. "तुझ्या नावाचा किडा चावतो का गं?" शेजारणी विचारू लागल्या. ह्यांचा निबंध लिहून तयार. त्यांच्या गुरुजींनी होकार दिला की छापायला जाणार.

गुरुजी टांग्यातून उतरले ते पाय धुऊन थेट सूक्ष्मदर्शकापाशी. बराच वेळ बघितलं.

"तोंडातली नळी चांगली जाड आहे. अख्खे बीजकण गिळणारी. प्रजाती जुनीच."

"पण सर, पोट?"

"रिकामं आहे. उपाशी आहेत बिचारे. यांना जेवायला कोण घालत होतं?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. सासूबाईंनीही.

"मीच," मी म्हणाले. "पण पान रोज स्वच्छ पुसून देत होते. बुरशीचा कण राहू दिला नाही."

ह्यांनी डोळे मिटून घेतले. सासूबाईंना मात्र प्रजाती गेल्याचं काही नव्हतं. "आठवडाभर उपाशी? आपल्या घरात?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

दुपारी पानं मांडली. रिवाजाप्रमाणे ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसत मी गुरुजींपाशी आले. त्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"सूनबाई, माझं राहू द्या. असेल ते खाईन मी."