उजवीकडच्या चार बांगड्या

बाळारामदादा गेल्याची बातमी मला रविवारी सकाळी कणीक मळताना कळली. फोन आमच्या गाडीवाल्या ग्रुपमधल्या एका गृहस्थांचा होता. "मॅडम, कोलशेतचे दादा गेले. झोपेतच." मी काही बोलायच्या आत पुढचं वाक्य आलंच. "तुमची गाडी त्यांच्याकडेच आहे ना, अर्धी खोललेली? आता ती कोण बघणार?" मी फोन ठेवला. हातांसारखाच तोही कणकेने बरबटला होता. दोन महिने झाले, तो प्रश्न डोक्यातून जात नाही... आणि हा लेख म्हणजे त्याचं उत्तर आहे. ज्यांना श्रद्धांजली वाचायची असेल त्यांनी ग्रुपवर आलेल्या जोडलेल्या हातांच्या चित्रांवर समाधान मानावं.

माझ्याबद्दलही सांगून टाकते, म्हणजे वाचकांची सोय होईल. मी डोंबिवलीला राहते, ठाण्याच्या कोर्टात स्टेनो आहे, वय बावन्न, लग्न केलेलं नाही. पंचेचाळिसाव्या वर्षी मी एक जुनी, परदेशी बनावटीची, वेगात पळण्यासाठीच बनवलेली गाडी घेतली. माझा भाऊ अविनाश म्हणाला, "कशासाठी?" तेवढ्याच पैशांचं सोनं घेतलं असतं तर त्याने हा प्रश्न विचारला नसता. महिन्यातून एकदा आंबिवलीला एका बंद कारखान्याच्या आवारात आम्ही काही जण परवानगी काढून शंकू मांडतो आणि घड्याळ लावून एकेक जण त्यांच्यामधून गाडी वळवत नेतो. तिथे बाया म्हणाल तर मी एकटी. मला त्याचं काही वाटत नाही, इतरांना फार वाटतं.

गॅरेजवाल्यांचा मला चांगला अनुभव होता. बॉनेट उघडायच्या आधी ते माझ्या मागे बघायचे आणि विचारायचे, "सर कुठायत?" कोलशेतला पहिल्यांदा गेले तेव्हा बाळारामदादा शेडच्या दारात उकिडवा बसून चहा पीत होता. त्याच्या घराण्याची एके काळी खाडीलगत शेती होती, आता तिथे टॉवर उभे आहेत, आणि टॉवरांच्या मधोमध याने आपलं बैठं घर आणि पत्र्याची शेड हट्टाने राखली होती. बिल्डरची माणसं दर सहा महिन्यांनी यायची, चहा पिऊन परत जायची. त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोन चालवतं?"

"मी."

"मंग तूच सांग बाय, कुठं दुखतं तिला."

मी सांगितलं. जोरात वळलं की मागून 'टक्' असा आवाज येतो आणि गाडीचं ढुंगण क्षणभर भलतीकडेच जातं. तो हसला नाही. गाडी वर घेतली, मला खाली बोलावलं, आणि कोर्टात घालायच्या साडीसकट मी फळीवर आडवी झाले. त्या दिवसापासून मी त्याची कोर्टबाय झाले आणि पुढच्या वेळेपासून पॅन्ट घालून जाऊ लागले.

दुखणं असं होतं. मागच्या चाकांचा सगळा डोलारा एका लोखंडी चौकटीवर असतो, तिला सबफ्रेम म्हणतात. ही चौकट चार मोठ्या बोल्टांनी गाडीच्या अंगाला लटकलेली असते. कारखान्यात भराभर जोडता यावी म्हणून भोकं बोल्टपेक्षा जराशी मोठी ठेवतात. सरळमार्गी माणसाला जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही. पण वळणावर जोर पडला की चौकट त्या फटीएवढी सरकते. उपाय म्हणजे धातूच्या निमुळत्या कड्या. त्या बोल्टभोवती बसतात आणि फट भरून काढतात. प्रत्येक बोल्टला वर एक, खाली एक, अशा आठ.

माझ्या आठ कड्या बाहेरून मागवायला मला सात वर्षं लागली, कारण आधी गाडीचं बाकी सगळं दुरुस्त होत होतं. पार्सल घरी आलं तेव्हा त्यावर इंग्रजीत 'स्लीव्हज' लिहिलेलं होतं. शेजारच्या काकूंनी ते घेऊन ठेवलं आणि ब्लाऊजच्या नुसत्या बाह्याही हल्ली मिळतात का, म्हणून चौकशी केली. दादाने खोका उघडला, एक कडी मनगटावर धरली आणि म्हणाला, "या तं बांगऱ्या." त्यांच्या बोलीत शब्दाच्या मधल्या 'ड'चा 'र' होतो. "गारीला बांगऱ्या भरू. मंग बग कशी सरल चालते."

मी म्हटलं, "दादा, बांगड्या भरणं म्हणजे घाबरट असणं. लोक टोमणा मारतात तसा."

"टोमना मारनारे कवा गारीखाली आलेत?" तो म्हणाला. "माजी आय बांगऱ्यांच्या हातान मिठाच्या पाट्या उचलायची."

तो संत नव्हता. तोंड फाटकं होतं, दिलेली तारीख त्याने कधी पाळली नाही, आणि हिशेब विचारला की बहिरा व्हायचा. पण एका बाबतीत त्याच्यासारखा काटेकोर माणूस मी पाहिलेला नाही. पहिल्या वर्षी त्याने मला गिअरबॉक्सखालची आडवी पट्टी बसवायला दिली होती. चार बोल्टांची. पहिला बोल्ट लागला तसा मी उत्साहात पान्याने करकचून आवळला. चौथा काही केल्या भोकात जाईना. दादाने बघितलं आणि सगळं सोडायला लावलं. "लग्नाचा मांडव कवा बांधलास? चारी खांब उबे रायल्याशिवाय येका बी गाठीला जोर लावाचा नाय. आदी चारी हातान, मंग पान्यान." हे वाक्य तो इतक्या मोठ्याने ओरडायचा की टॉवरच्या सातव्या मजल्यावरची माणसं खिडकीत यायची.

तो गेला त्याच्या आदल्या दिवशीची, शनिवारची दुपार. आम्ही डावी बाजू केली. चौकट जॅकवर धरून जराशी खाली घेतली, चार बांगड्या भरल्या, आणि डावीकडचे दोन्ही बोल्ट त्याने स्वतःच्या हाताने फिरवून लावले. उरलेल्या चार खोक्यात राहिल्या. "उजवी सोमवारी," तो म्हणाला आणि अंगठ्याने घाम पुसला. त्या घामाकडे मी नीट बघायला हवं होतं. बघितलं नाही... त्याचं मला वाईट वाटतं, ते वाटत राहील.

अविनाश मला भेटायला आला तो गाडीला गिऱ्हाईक शोधूनच. तशीच उचलून नेईल म्हणाला, टेम्पोवर घालून. "ताई, आता हौस पुरे. तो माणूस होता म्हणून चाललं. तुला एकटीला जमणार आहे का?" मी त्याला चहा दिला आणि नाही म्हटलं. रात्री रडले, खोटं कशाला बोलू. कारण मलाही तेच वाटत होतं. गाडी विकली तर दादाने शिकवलेलं सगळं हौस ठरणार होतं, आणि ठेवली तर मला ते येतं हे सिद्ध करावं लागणार होतं.

दहाव्याला कोलशेतला गेले. दादाची बायको, गुलाबवहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. एक म्हाताऱ्या नातेवाईक त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला पुढे सरकल्या. वहिनींनी हात मागे घेतला. "माजं घर बांगऱ्या भरून चाललं. मी कशाला फोरू?" कुणीतरी रीत आहे म्हणालं. वहिनी म्हणाल्या, "रीत तुमची. हात माजा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "कोर्टबाय, तुजी गारी कवा उतरवतेस? शेडमदी जागा अरली."

त्यानंतरच्या रविवारी सकाळी आम्ही दोघी शेडमध्ये शिरलो. वहिनींच्या हातात बॅटरी, माझ्या हातात पाना. दादाने लावलेले डावे बोल्ट तसे अर्धवट लटकलेले मला बघवेनात. त्याचं काम आधी पुरं करू म्हणून मी ते दोन्ही पान्याने घट्ट आवळले. मग उजवीकडची चौकट खाली घेऊन चार बांगड्या भरल्या, वर उचलली... आणि बोल्ट लागेना. भोकाला भोक मिळेना. जॅक इकडे सरकव, तिकडे सरकव, अर्धा तास गेला. शेवटी मी पाना घेतला, म्हटलं जोराने घालतेच.

"पाना ठेव," वहिनी म्हणाल्या. "ती बाजू आवललीस ना तू?"

मी पाना खाली ठेवला.

"तीस वरसं त्या चुलीजवल बसून ऐकलंय मी. आदी चारी हातान. सोर ती बाजू."

"वहिनी, ते त्याने लावलेत."

"त्यान हातान लावलेले. पान्यान तू लावलेस. तुजं तेवरं सोर."

मी डावीकडे सरकले आणि माझा जोर परत काढून घेतला. बोल्ट पुन्हा हाताने फिरतील इतके सैल केले, म्हणजे त्याने ठेवले होते तितकेच. तो मेला हे मला त्या फळीवर कळलं. बाहेर मी दोन आठवडे नुसती भांडत होते. वहिनींनी बॅटरी हलू दिली नाही. मी डोळे पुसून उजवीकडे गेले, आणि बोल्ट दोन बोटांनी सरसर वर चढला. दुसराही. मग चारही आळीपाळीने, कोपऱ्याला कोपरा, पान्याने.

गेल्या आठवड्यात आंबिवलीला गेले. वहिनी बरोबर. त्यांना हेल्मेट घालायला लावलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "अंबारा सुटेल ना माजा." तिसऱ्या वळणावर तो 'टक्' नेहमी यायचा. मी कान देऊन गाडी घातली. मागची चाकं सरळ, जिथे नेली तिथे आली. वहिनींचा हात दाराच्या मुठीवर आपटला आणि बांगड्या वाजल्या. तेवढाच आवाज.

थांबल्यावर ते फोनवाले गृहस्थ खिडकीशी आले. "छान चालली की मॅडम. कोणी बघितली शेवटी?"

माझ्या आधी वहिनींनीच हेल्मेट काढलं, सुटलेला अंबाडा एका हाताने सावरला आणि म्हणाल्या, "डावी त्यान. उजवी आमी."