‘हात लावू नका’

समजा, तुमच्या नावावर चाळीसेक सर्व्हर चालू आहेत. भाड्याने घेतलेले कॉम्प्युटर, कुठल्या तरी लांबच्या इमारतीत. वापरा न वापरा, टॅक्सीसारखं मीटर पळतंय. नावं अशी: ‘टेस्ट’, ‘टेस्ट नवीन’, ‘हात लावू नका’. यातला कामाचा कोणता आणि विसरलेला कोणता, सांगा बघू!

शिंप्याच्या दुकानावरच्या त्या छोट्या ऑफिसात हे काम फ्यूजकडे होतं. दिसेल ते बंद करते आणि पटकन भडकते, म्हणून पडलेलं नाव. सर्व्हर सुरू करणाऱ्याने त्यावर आपलं नाव टाकायचं, हा तिचा नियम. सगळ्यांनी माना डोलावल्या. नाव एकानेही टाकलं नाही.

“हा कोणाचा रे?”

“माझा नाही बाई.”

“मग काय माझ्या सासऱ्यांचा?”

साहेबांनी सांगून ठेवलं होतं, बिल उतरलं नाही तर एक माणूस कमी करणार. कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं: सॉफ्टवेअरच्या चाचण्या करणारी मावशी, वयाने सगळ्यांत मोठी, फ्यूजच्या शेजारच्या खुर्चीवरची.

शेवटी फ्यूजने ओळख न पटलेले सगळे सर्व्हर बंद केले. “आठवडाभर थांबते. ज्याचा असेल तो बोंबलेल.”

दोघे-तिघे बोंबलले. सगळ्यांत महागड्या ‘हात लावू नका’साठी मात्र कोणी हूं की चूं केलं नाही. मावशीच्या पगाराहून जास्त खात होता तो! फ्यूजने जुन्या नोंदी उकरल्या आणि सोमवारी आल्या आल्या तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

“साहेब, हा तुम्ही सुरू केलेला. गेल्या वर्षी, गिऱ्हाइकाला दाखवायला.”

“अरेच्चा, विसरलोच की!” साहेब हसले. “बरं झालं बंद केलास.”

“मग आता मावशी राहतील ना?”

“तिला शुक्रवारीच सांगितलं गं. तू दवाखान्यात गेली होतीस तेव्हा. सगळ्यांसमोरच सांगितलं, लपवाछपवी नाही.”

फ्यूज बाहेर आली. शेजारच्या खुर्चीवरची उशी गेली होती. बाकीचे मान खाली घालून की-बोर्ड बडवत होते.

“ए, इकडे बघा,” ती कडाडली. “सर्व्हर बंद केल्यावर कोणीच बोंबललं नाही, तर तो नकोच होता असं आपण धरतो. शुक्रवारी मावशीला काढलं, तेव्हा तुमच्यातलं कोण बोंबललं?”