आसगावचा पारिजातक

मोहाडीतल्या आमच्या अंगणात जो पारिजातक आहे, तो माझ्या बायकोच्या माहेरचा नाही. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. लग्न नवं, नोकरी नवी. मी शाळेत भूगोल शिकवत होतो. सासूबाईंनी आसगावच्या परसातून एक रोप मुळासकट काढून लेकीबरोबर दिलं. एसटीत तिनं ते सगळी वाट मांडीवर धरलं. ट्रंक आणि नवरा दोन्ही टपावर गेले असते तरी तिला कळलं नसतं.

दोन पावसाळ्यांत रोप छातीएवढं झालं. मग ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाली. गाडीत चढता चढता म्हणाली, "बाकी काही नका करू, पन त्याले पाणी देत जा जी."

"तुह्याहून जास्त जपतो," मी म्हणालो. काही दिवस जपलंही. पुढे शाळा सुटली की माझे पाय पानठेल्याकडे वळायचे आणि पाणी उद्यावर जायचं.

माघ संपता संपता पानं पिवळी पडून गळू लागली. मी घाबरून घागरीमागून घागरी ओतल्या. उरलीसुरली पानंही गेली. शिमग्यापर्यंत अंगणात नुसत्या काड्या उभ्या. तिकडून मुलगी झाल्याची बातमी आली, आणि बाप झाल्याच्या आनंदाआधी मला आठवलं की आता ही परत येईल आणि झाड बघेल. मेलेलं झाड दिसण्यापेक्षा न दिसलेलं बरं, अशी अक्कल मी चालवली. होळीच्या संध्याकाळी ते उपटलं. आपल्या गल्लीत टाकायची हिंमत नव्हती, म्हणून बाजाराकडच्या होळीत नेऊन टाकलं.

ते पेटेना. फांद्यांच्या टोकांना फसफसून फेस आला. शेजारी उभे असलेले एक कापडवाले म्हणाले, "काय जी मास्तर, हिरवं झाड तोडून आनलं का होळीले?"

"वाटेत पडलं होतं, मेलेलं."

"मेलेलं झाड असं रडते काय?"

लोक हसले. मीही हसलो. हसता हसता मला माझाच फळा दिसला. त्याच आठवड्यात त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : आपल्या जिल्ह्यातील वने पानझडीची आहेत. कोरड्या ऋतूत झाडे पाने गाळून स्वतःला वाचवतात. पोरांकडून घोकूनही घेतलं होतं. एक मास्तर सोडून सगळ्या वर्गाला पाठ होतं.

मृग लागताच पवनीच्या एका ओळखीच्या घरून तेवढ्याच उंचीचं झाड आणून त्याच खड्ड्यात लावलं. ही बाळाला घेऊन आली, आधी अंगणात गेली. "केवढं जपलं हो तुम्ही!" मग गल्लीभर माझं कौतुक. मी ते मान खाली घालून ऐकलं, तर त्यालाही लोक विनय म्हणाले.

दिवाळीला सासूबाई आल्या. झाडाच्या बुंध्यावरून हात फिरवत बराच वेळ उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माहेर सोडलं का झाडबी बदलते, जवाईबापू."

ही खळखळून हसली. मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो आणि तांब्याभर पाणी संपवून बाहेर आलो. सासूबाईंनी तो विषय पुन्हा काढला नाही. ऐंशीचं दशक सरायच्या आत त्या गेल्या. परसातलं मूळ झाडही मेव्हण्यानं गोठा बांधताना काढून टाकलं.

तेव्हापासून दर आश्विनात ही झाडाखाली सारवते, फुलं वेचते आणि पहिली ओंजळ आईच्या फोटोपुढे ठेवते. "आईच्या हातचं आहे," म्हणते. बहर सरला की छाटणी मी करतो, खत मी घालतो. माणसं म्हणतात, मास्तरांचा जीव आहे झाडावर. माझ्या बहिणीनं, शेजारणींनी बियांची रोपं नेली. चार घरी आता आसगावचा पारिजातक फुलतो. एकाही घरी आसगावचा नाही.

माझं लिहिलेलं ही वाचत नाही, म्हणून इथे एवढा धीर आला. कागदाला सांगून तिचं देणं फिटत नाही. तिच्यासमोर बसून, तिच्याकडे बघत, मला एक वाक्य बोलायचं आहे : तुझ्या आईनं दिलेलं झाड जिवंत होतं, आणि मी ते जाळलं. तेवढं मी तिला देणं लागतो.