बाबांच्या खुर्चीचा दिवा

तीन मराठी मुलं एका भाड्याच्या घरात राहिली की सिंकमधली भांडी आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. भांडी कधीतरी कुणीतरी घासतं, किस्से तसेच राहतात. युरोपात, आइंडहोवनला मल्टिमीडिया डिझाइनचं मास्टर्स करताना मी, मंदार आणि केतकी एकत्र राहायचो. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एकट्याने रिसर्च प्रोजेक्ट करायचा होता. विषय आपण निवडायचा, माणसं आपण शोधायची, तोंडावरही आपणच पडायचं. हे किस्से ऐकून लोक हसतात. मला आता तेवढं हसू येत नाही.

* * *

मंदार पुण्याचा. पहिल्याच मीटिंगला त्याने आमच्या गाइडला, योस्टला, विचारलं की सर, मी विषय कुठला घेऊ? इथे प्रोफेसरला नुसत्या नावाने हाक मारतात, पण मंदारची जीभ वळेना, तो शेवटपर्यंत ‘योस्ट सर’च म्हणाला. योस्टने विचारलं, “तुला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?”

मंदार म्हणाला, “विषय निवडण्याचा.”

योस्ट हसला नाही. त्याने कॅलेंडर उघडलं आणि थेट पुढच्या महिन्यातली वेळ दिली.

* * *

शेवटी मंदारने इथे नवीन आलेल्या लोकांसाठी एक अ‍ॅप बनवलं आणि टेस्टिंगला गेला कुठे, तर शेजारच्या फेल्डहोवन गावातल्या मराठी इंजिनियर मंडळींच्या घरी! घरोघरी पोहे, चहा आणि “छानच झालंय हो.” एका घरी अ‍ॅप मधेच बंद पडलं, तर तिथले दादा म्हणाले, “असू दे रे, आमच्या ऑफिसातलं पण पडतं.” परक्या देशात एकटा शिकणारा पोरगा, त्याच्या कामाला नावं कोण ठेवणार?

योस्टने रिपोर्ट वाचला आणि म्हणाला, “एक तर तुझं अ‍ॅप निर्दोष आहे, नाही तर ही माणसं फार चांगली आहेत. दोन्हींचा रिसर्चला उपयोग नाही.”

सगळं पहिल्यापासून करावं लागलं. मंदार दोन दिवस भिंतीकडे तोंड करून झोपून होता.

* * *

माझा किस्सा छोटा आहे. अख्खा हिवाळा खपून केलेली व्हिडिओ-भिंत मी योस्टला दाखवली. त्याने शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाला, “मला कंटाळा आला.” इथे याला मोकळेपणा म्हणतात. डोंबलाचा मोकळेपणा! समोरून वारा, खाली सायकल, घरापर्यंत रडत आले.

* * *

केतकी सांगलीची. तिच्या बाबांना किडनीचं दुखणं होतं. ती परत जायला निघाली होती, पण बाबांनी दटावलं की डिग्री घेतल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही. मग तिने त्यातूनच विषय काढला. बाबांच्या खुर्चीत सेन्सरवाली गादी घालायची. ते बसले की नेटवरून आमच्या स्वयंपाकघरातला दिवा लागणार, उठले की विझणार. दूर राहणाऱ्याला याने धीर येतो का, एवढाच तिचा प्रश्न.

बाबा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, “म्हणजे आता मी उठलो की बसलो तेही युरोपात कळणार! तुझ्या आईसाठी गादी केली असतीस तर दिवा कधी लागलाच नसता. ती जन्मात कुठे बसलीय?”

* * *

तिकडे चारच्या चहाला बाबा बसायचे ते बातम्या संपेपर्यंत हलायचे नाहीत. इकडे आमची ब्रेड-चीज खायची वेळ. दिवा लागला की मंदार म्हणायचा, “काका बसले,” आणि आपणही चहा ठेवायचा. आम्हाला तिघांनाही त्या दिव्याची सवय लागली.

एकदा दिवा भलत्या वेळी पटकन विझला. केतकीने लगेच फोन लावला. पलीकडून बाबांचाच आवाज आला, “अगं, लाइट गेलीय गावातली. मी आहे अजून.” ती हसली आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ बसली.

* * *

प्रेझेंटेशनला आठवडा राहिला असताना तिच्या दादाचा मला फोन आला. बाबा गेले होते.

“तिला सांगू नकोस,” तो म्हणाला. “बाबांनीच बजावलंय, प्रेझेंटेशन होईपर्यंत पोरीला कळता कामा नये.”

मला संताप आला. म्हटलं, दादा, आणि दिवा? तो म्हणाला, दिव्याचं आम्ही बघतो.

दुसऱ्या दिवशी वेळेवर दिवा लागला. मंदारला मी सांगितलं होतं. त्याने नेहमीसारखा चहा ठेवला. केतकीने फोन केला की आई सांगायची, बाबांचा घसा बसलाय, झोपलेत. ती बरं म्हणून ठेवून द्यायची. आम्हाला वाटलं, कामाच्या गडबडीत हिच्या लक्षात येत नाहीये, सुटलो.

* * *

प्रेझेंटेशनला तिने दिवा परीक्षकांच्या टेबलावर ठेवला होता. योस्ट होता, नायमेखन शहरातून आलेल्या एक परीक्षक बाई होत्या, मागे मी आणि मंदार. तिकडे चार वाजले आणि दिवा लागला. थोड्या वेळाने विझला. परत लागला. परत विझला.

बाईंनी विचारलं, “वायर कुठे सैल आहे का?”

“नाही,” केतकी म्हणाली. “वायर नीट आहे. गेल्या आठवड्यापासून तिथे माझी आई बसते. तिला बसायची सवय नाही.”

आणि तिने पुढची स्लाइड लावली.