अर्धासूत आणि चाकांवरचा कमोड

कल्पना करा, एका खोलीतून तुम्हाला कमोड काढून बाहेर आणायचाय. खोली कपड्यांच्या कपाटाएवढी, दार आत उघडणारं, आणि खोलीला खाली चाकं. मागचा नट हाताला लागतो, पण दिसत नाही. डोकं आत घालून बघावं, तर हाताला जागा उरत नाही. शिवाय दाराबाहेर बायको कंबरेवर हात ठेवून उभी.

अर्धासूत अशाच अवस्थेत अर्धा तास अडकले होते. जन्मभर प्लंबिंग केलेला माणूस. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि हे कुठलाही नळ बसवताना ‘अर्धा सूत डावीकडे घे’ म्हणायचे. तेच नाव पडलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी घरगाडी घेतली. आत दोन पलंग, ओटा आणि हा कमोड. गाडी घेतली ती बायकोसाठी. लांबच्या प्रवासात वाटेत सोय होईल की नाही, या धास्तीने ती आदल्या दिवसापासूनच पाणी पिणं तोडायची. त्यापायी अकरा वर्षं ती धाकट्या बहिणीकडे गेली नव्हती. उद्या सकाळी निघायचं ठरलं होतं, आणि आज कमोडखालून पाणी झिरपताना दिसलं.

“थेंबभर जरी गळला, तरी मी येणार नाही. तुम्ही जा मेव्हणीकडे एकटे!” तिने सांगून टाकलं होतं.

एकदाचा नट सुटला. अर्धासूतांनी सवयीने दोन्ही पाय रोवून, दम धरून कमोड उचलला आणि मागच्या मागे दारावर आदळले. प्लास्टिकचा निघाला.

“हा कमोड आहे की टोपली!” ते डोक्याची मागची बाजू चोळत म्हणाले. त्यांचा अपमानच झाला होता.

खालची रबरी रिंग वाळून चिरली होती. त्यांनी जागा घासूनपुसून नवी रिंग बसवली, वर कमोड ठेवला, आणि खिशातून पाणसळ काढली. तिच्यातला बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्यांनी आजवर एकही कमोड पक्का केला नव्हता. इथे डावी बाजू खाली निघाली. तिच्याखाली त्यांनी एक चकती सारली, मग दुसरी, मग तिसरी. बुडबुडा मधोमध आला. त्यांनी नट आवळले, भोवती वर्तमानपत्र अंथरलं आणि पेडल दाबून पाणी सोडलं.

डावीकडचा कागद भिजला.

त्यांनी सगळं पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. पुन्हा डावीकडेच भिजला. तिसऱ्या वेळेला बायकोने आत डोकावून पाहिलं.

“अहो, हा भिंतीपासून असा फटकून का बसलाय?”

“तो सरळ आहे. भिंत वाकडी आहे.”

“आणि जमीन?”

“तीपण वाकडी.”

“म्हणजे अख्खी गाडी वाकडी, आणि सरळ फक्त तुम्ही आणि तुमचा कमोड! लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय मी.” ती खाली उतरली. क्षणभराने बाहेरून हाक आली, “अहो अर्धासूत! जरा चाकं बघायला या.”

ती या नावाने हाक मारायची ती फक्त भांडण जिंकल्यावर. अर्धासूत उतरले. गाडी रस्त्याच्या कडेला होती, डावी चाकं गटाराकडच्या उतारावर वीतभर खाली.

ते आत गेले. तिन्ही चकत्या काढल्या, तसा कमोड रिंगवर सगळीकडून सारखा टेकला. दोन्ही नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. पाणी सोडलं. कागद कोरडा. आणखी दहादा सोडलं. कोरडाच.

बायकोने वाकून कागदाच्या चारही कडा बोटाने चाचपल्या. मग ओट्यावरचा मोठा पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्यासमोर उभी राहून शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

“सकाळी लवकर उठा. धाकटी दारात वाट बघत बसेल,” ती म्हणाली.

सकाळी गाडी वळणावळणाने निघाली. बायको दोनदा मागे जाऊन आली आणि दोन्ही वेळा, विजयी चेहऱ्याने, पुन्हा पाणी प्याली. अर्धासूतांनी पाणसळ समोर काचेखाली ठेवली होती. बुडबुडा इकडून तिकडे नुसता पळत होता.

“समोर बघून चालवा.”

“बघतोय गं. पण मला एक सांग, घरात आपलं सरळ म्हणजे सरळ. चालत्या गाडीत सरळ म्हणजे नक्की कशाच्या मानाने सरळ?”