उजव्या झडपेच्या दोन बिजागऱ्या

"दोन बिजागऱ्या सांगितल्या तुला! फाटक नाही सांगितलं, दोन बिजागऱ्या!"

हा माझा धाकटा भाऊ. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते. पत्र्यापलीकडे माझ्या नवऱ्याची वेल्डिंगची शेड.

"करतो रे. उद्या करतो."

"उद्या फाटक द्यायचंय!"

"मग उद्या सकाळी. एवढा तापतोस कशाला, लोखंड आहेस का?"

धाडकन काहीतरी पत्र्यावर आदळलं आणि माझ्या फळीवरचे तीन डबे खाली आले. तो हातोडा होता. समोरच्या, परीक्षेतल्या जोडीदाराच्या कानाजवळून गेला म्हणे. पत्र्याला पोचा पडला तो अजून आहे, मी त्यावर कॅलेंडर लावते.

आई गेल्यावर धाकट्याला मीच वाढवला. शाळेत डोकं चालेना, पण लोखंड त्याचं ऐकायचं. म्हणून तंत्रशाळेत वेल्डिंगला घातला. शेवटच्या परीक्षेला जोडीनं काम होतं. दोघांत मिळून दोन झडपांचं एक फाटक करायचं, आणि ते शेजारच्या लहान मुलांच्या शाळेला बसवायचं. जोडीदार मास्तरांनी लावून दिला. वर्ग त्याला उद्याशेठ म्हणायचा. एक दिवस त्याचे डोळे दुखायचे, दुसऱ्या दिवशी कंबर. त्याची आजी त्या महिन्यात तीनदा मरणाच्या दारात जाऊन आली. आता मीही आजी आहे, सांगते, एवढी ये-जा कोणाला झेपत नाही.

मास्तरांनी विचारलं की आमचा शहाणा म्हणायचा, "होतंय सर, दोघं करतोय."

मी म्हटलं, "अरे, सांग ना खरं. पाठ तुझी मोडतेय."

"ताई, जोडीदार आहे. चुगली कशी करू?"

सगळं फाटक त्यानं एकट्यानं केलं. उजव्या झडपेच्या दोन बिजागऱ्या तेवढ्या मुद्दाम ठेवल्या. म्हणे एवढं तरी त्याच्या हातचं असू दे, म्हणजे मी सरांशी अगदीच खोटं बोललो असं नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिजागऱ्या झालेल्या होत्या. वर रंगसुद्धा दिलेला. धाकट्याची सवय अशी, की प्रत्येक सांधा छोट्या हातोडीनं ठोकून ऐकायचा. पक्का असला की टणटणतो, कच्चा असला की मुका राहतो. पण रंग ओला होता. ठोकलं तर डाग पडेल, परीक्षकांना दिसेल, म्हणून त्यानं हातोडी खाली ठेवली. आयुष्यात तेवढी एकदाच.

दोघं पास झाले. नवव्या दिवशी सकाळी शाळेचा रखवालदार फाटक उघडायला गेला आणि उजवी झडप मुळापासून निखळून त्याच्या अंगावर आली. मुलं यायला पाव तास होता. धाकटा पळत गेला, मीही गेले. चौघांनी लोखंड उचललं तेव्हा खाली पाय असा उरलाच नव्हता. गुडघ्याखाली नुसता चिखल, आणि तो म्हातारा ओरडतसुद्धा नव्हता. बिजागऱ्यांना वेल्डिंगचा एकेक टाका मारलेला. बाकी सगळी पुट्टी, वर रंग.

धाकट्यानं हात धुतले नाहीत. तसाच रक्ताच्या हातांनी चहाच्या दुकानात गेला. मी मागे धावले. उद्याशेठ बशीत चहा ओतत होता.

"कोणाच्या पायावर पडलं, ठाऊक आहे का तुला?"

"माझ्यावर का येतोस? फाटकावर तुझंही नाव आहे!"

पहिल्या ठोशात त्याचे दोन दात चहात पडले. त्यानं लोखंडी खुर्ची उचलून धाकट्याच्या कपाळावर घातली. कातडं फाटून डोळ्यावर लोंबलं, तरी हा थांबेना. छातीवर बसला आणि त्याचा उजवा हात फरशीवर धरून काढलेल्या बुटाच्या टाचेनं ठेचत राहिला. "हाच ना? याच हातानं पुट्टी भरलीस ना?" बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. वाळकी काटकी मोडावी तसा. मी केस धरून ओढला, सुटेना. शेवटी मीच त्याच्या पाठीत गुद्दे घातले, माझी बांगडी फुटून माझंच मनगट कापलं, तेव्हा तो उठला.

मास्तरांपुढे उद्याशेठनं सुजलेल्या जबड्यानं काखा वर केल्या. "सगळं यानंच केलं सर. मी तर शेडमध्ये नसायचोच." त्या महिन्यातलं त्याचं ते एकच खरं वाक्य. धाकटा एवढंच म्हणाला, "मी ठोकून बघितलं नाही." सर्टिफिकेट दोघांनाही मिळालं नाही.

उजवी झडप धाकट्यानं स्वतः पुन्हा बसवली. तीन महिन्यांनी रखवालदार कुबडी घेऊन फाटकाशी स्टुलावर बसायला लागला. त्या रविवारी धाकटा हातोडी आणि तेलाची बुधली घेऊन गेला. रखवालदारानं कुबडी फिरवली ती सरळ त्याच्या बरगडीत. यानं हात वर केला नाही. मार खाल्ला, चारही बिजागऱ्या ठोकल्या, तेल घातलं आणि कण्हत घरी आला. पुढच्या रविवारी पुन्हा. असे पंधरा-सोळा रविवार गेले. एकदा कान फाटला, एकदा करंगळी मोडली.

मी म्हटलं, "वार ठरवून मार खायला जातोस का रे?"

"मार वरकड आहे गं. मी बिजागऱ्या बघायला जातो."

मग एका रविवारी कुबडी वर झाली आणि हवेतच राहिली. म्हातारा टोकानं दाखवत म्हणाला, "ती उजवी वरची. पुन्हा वाजव. मला नीट ऐकू नाही आली."

त्यानंतर तोही ऐकायचा. दोघं कान लावून बसायचे, गाणं चालल्यासारखे.

सर्टिफिकेट नसल्यामुळे धाकटा जन्मभर आमच्याच शेडमध्ये राहिला. लग्न झालं, लेक झाली. तिची सायकल ठोकली, माझा कुकर ठोकला, जावयाचीही पाठ ठोकून बघितली. उद्याशेठनं दुकान काढलं, पाटीवर लिहिलं 'खात्रीचं काम'. म्हातारपणी एकदा शेडच्या दारात आला. "झालं गेलं विसरू या, जोडीनं काम घेऊ." धाकट्यानं हातोडा नुसता हातात घेतला. उद्याशेठच्या चपला आठ दिवस आमच्या दारात पडून होत्या.

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाले, धाकट्याचं हृदय थकलंय, चालायचं नाही. रविवार उजाडला तशी यानं खिळ्यावरची हातोडी काढली. मी बडबडत मागोमाग गेले. रखवालदार आता नवा, पोरगेला. म्हणाला, "या काका, उशीर केलात."

चारही ठोकल्या. उजव्या वरचीला दोनदा. तेलाचे थेंब सोडले, एका बोटानं झडप उघडली, मिटली. हात विजारीला पुसले.

"ताई, घरात दूध आहे?"

"नाही."

"तू हो पुढे."

दूध घेऊन आला. पिशवी ओट्यावर ठेवली, आणि हातोडी परत खिळ्याला अडकवली.