कावीळ नव्हती

“मॅडम, एकदाचं ठरवा. कावीळ की डिप्रेशन?”

धुळ्याच्या कोर्टात समोरच्या वकिलांनी विचारलं आणि रजेच्या अर्जांचा गठ्ठा पुढे सरकवला.

माझा पक्षकार प्रकाश, अमळनेरचा, धुळ्यातल्या एका निमसरकारी ऑफिसात क्लार्क. बरेच महिने गैरहजर म्हणून त्याला काढून टाकलं होतं. मी डिप्रेशनवर केस लढत होते. मानसिक आजार आता कायद्याने अपंगत्वात येतो. नुसतं उदास वाटून चालत नाही, माणसाचं रोजचं जगणं अडावं लागतं. नोकरीत असताना असं झालं तर सरकारी-निमसरकारी आस्थापनेला त्याला काढता येत नाही, झेपेल ते काम द्यावं लागतं. सिव्हिल हॉस्पिटलच्या बोर्डाचं सर्टिफिकेट होतं, पण काढल्यानंतरचं. आधीच्या प्रत्येक रजेच्या अर्जावर मात्र कावीळ.

व्हरांड्यात प्रकाशच्या वडिलांना, नानांना गाठलं.

“नाना, हे काय?”

“नातनं लगन जमाडानं शे, मॅडम. पोऱ्याले डोकानं दुखनं शे असं कसं सांगू? कावीळ सांगी.”

अख्ख्या गल्लीला ती कावीळ पटली होती. ऑफिसातले लोक ऊस घेऊन भेटून गेले होते. आता तेच ऑफिसच्या बाजूने साक्षीला आले होते, आणि बिचारे खरंच बोलत होते. चिडावं तरी कोणावर?

“तुम्ही साक्ष द्या,” मी म्हटलं.

“अन नातनी सोयरीक?”

मी साक्षीदारांच्या यादीत त्यांचं नाव लिहिलं.

पुढच्या तारखेला नाना उभे राहिले. “कावीळ नव्हती, साहेब. पोऱ्या बोले ना, आंघोळ करे ना. इहिरकडे जाये. मी रातदिन मांगे मांगे फिरू.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोलता?” समोरच्या वकिलांनी पकडलं.

“हा. तवय बोलनू. आते नही.”

प्रकाश खाली मान घालून बसला होता. मी उगाच फाइल चाळत बसले.

प्रकाशला नोकरी परत मिळाली, रेकॉर्ड रूममध्ये हलकं काम. नातीला बघून गेलेल्या मुलाकडच्यांचा फोन मात्र बंद झाला. प्रकाश अपंग ठरला म्हणून पेढे वाटायचे का, हे नानांना कळेना.

हल्ली असा पक्षकार आला की आजार काय, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, गावात काय सांगितलंय?